छातीला खड्डा आहे, मुलाचं बार टाकायचं ऑपरेशन करावं का?

काळजीतली_आई:
मुलगा १४ वर्षांचा आहे, छातीच्या मधोमध खड्डा लहानपणापासूनच होता पण उंची वाढायला लागली तसा खोल होत गेला, आता पळताना लगेच दम लागतो आणि चारचौघांत शर्ट काढायला तर तयारच नसतो. सीटी स्कॅनमध्ये हॅलर इंडेक्स (खड्डा किती खोल आहे ते सांगणारा आकडा) ३.८ आलाय. सर्जन म्हणतात दुर्बिणीतून 'नस' ऑपरेशन (डॉ. नस यांच्या नावाचं) करू. छातीत स्टीलचा बार ठेवणार हे ऐकूनच पोटात गोळा आलाय. कोणी केलंय का, खूप दुखतं का?

बारवाला:
ताई, मी करून घेतलंय, तुमच्या मुलाच्याच वयात. दोन्ही बाजूंना काखेच्या खाली छोटी चीर देतात, वाकवलेला बार कॅमेऱ्यात बघत छातीच्या हाडामागून पलीकडे नेतात आणि मग उलटा फिरवतात, तसं हाड वर उचललं जातं. शुद्धीवर आल्यावर मान वाकवून बघितलं तर खड्डा गायब, तो आनंद शब्दांत सांगता येत नाही. पण दुखतं, खरंच दुखतं. सुरुवातीला कुशीवर वळता येत नाही, उठताना कोणीतरी पाठीला हात द्यावा लागतो, शिंक आली की जीव जातो. डॉक्टरांना क्रायोबद्दल नक्की विचारा, त्यात बरगड्यांमधल्या नसा गोठवतात, काही आठवडे-महिने छाती बधिर राहते पण दुखणं खूप कमी होतं. माझ्या वेळी हे नव्हतं.

ओटी_नर्स:
३.२५ च्या वर इंडेक्स गेला की साधारण ऑपरेशनचा विचार करतात, पण नुसत्या आकड्यावर ठरवू नका, इको आणि फुप्फुसांची टेस्ट करून घ्या, मुलगा फार उंच आणि लांब बोटांचा असेल तर मारफानसाठी (हाडं-सांधे आणि हृदयावर परिणाम करणारा जन्मजात आजार) पण तपासतात. डॉ. डोनाल्ड नस यांनी हे बारचं ऑपरेशन १९८७ मध्ये सुरू केलं, त्याआधी समोरून मोठी चीर देऊन कुर्चा कापून काढायचे. बार साधारण ३ वर्षं ठेवून काढतात. सुरुवातीचे महिने जड दप्तर, धक्काबुक्कीचे खेळ बंद, बार सरकू शकतो. आणि बेल्टच्या बकलने किंवा खोट्या दागिन्यांनी त्याला खाज येते का बघा, निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियमचा बार लागतो.

काळजीतली_आई:
अहो त्याला घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याने पुरळ येतं! हे तर मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, पुढच्या भेटीत आधी तेच सांगते, आणि क्रायोचं पण विचारते.