मदत हवी आहे: ऑपरेशनआधी पेशंट किती तास उपाशी राहतो याचं ऑडिट करायचंय, नेमकं काय मोजू?

नाईट_ड्यूटी

नमस्कार मंडळी. मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनला भूल देण्यापूर्वी पेशंटने किती वेळ उपाशी राहायचं, हे आकडे आम्हाला पाठ असतात: पाण्यासारखं पारदर्शक पेय २ तास आधीपर्यंत, हलका आहार ६ तास, तळलेलं किंवा तुपकट असेल तर ८ तास. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने पाण्यासाठी २ तासांची मुदत १९९९ सालीच दिली. युरोपातल्या संघटनेनेही २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत तेच म्हटलंय.

वॉर्डात प्रत्यक्षात चालतं ते असं: संध्याकाळी केसपेपरवर ‘रात्री १२ नंतर एनपीओ’ (म्हणजे तोंडाने काहीच घ्यायचं नाही, पाणीसुद्धा) असं लिहून येतं. सकाळी आठच्या पहिल्या केसलाही तेच आणि दुपारी तीनला नंबर लागणाऱ्यालाही तेच. तीनवाल्याची जीभ कोरडी पडून टाळूला चिकटलेली असते. “सिस्टर, नुसती चूळ भरू का?” हे दर राउंडला ऐकू येतं. नातेवाईक पाण्याची बाटली उशाखाली लपवून ठेवतात, पेशंटने चुकून पिऊ नये म्हणून. मग सलाईन लावायला शीर सापडत नाही आणि दोन-तीन ठिकाणी टोचावं लागतं.

इन्चार्ज सिस्टरांशी बोलले. त्यांचं म्हणणं, नुसती तक्रार नको, आकडे आण. रास्त आहे. पण आयुष्यात ऑडिट केलेलं नाही. कशाची नोंद ठेवायची? किती पेशंट घ्यायचे? एथिक्स कमिटीची परवानगी लागते का? आणि मधुमेही पेशंटचं काय करायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

गुंगी

भूल देणं हाच माझा धंदा, म्हणून आधी थोडा इतिहास. वरिष्ठांशी बोलताना उपयोगी पडेल.

ही भीती मुळात आली बाळंतपणातून. १९४६ साली मेंडेलसन या अमेरिकन डॉक्टरांनी ४४,०१६ गरोदर बायकांच्या नोंदी तपासल्या. त्यांत पोटातलं उलटून फुफ्फुसात गेल्याच्या ६६ घटना होत्या. मृत्यू दोन झाले आणि ते दोन्ही घन अन्न श्वासनलिकेत अडकून झाले. तेव्हा श्वासनलिकेत नळी न घालता मास्कवरच भूल देत. त्यावरून ‘पोट रिकामं हवं’ हा नियम आला, तो योग्यच होता. पण पुढे पाणी आणि जेवण यांतला फरकच पुसला गेला.

पोट म्हणजे वरचा नळ बंद केला की रिकामी होणारी टाकी नव्हे. उपाशी माणसाच्या पोटातही आम्लरस झिरपत राहतो. साधं पाणी फार भराभर खाली उतरतं, घन अन्नाला काही तास लागतात. दूध दिसायला पातळ असलं तरी पोटात त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून ते पारदर्शक पेयांत धरत नाहीत. १९८६ साली मॉल्टबी आणि सहकाऱ्यांनी काही पेशंटना ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी १५० मिली पाणी दिलं. त्यांच्या पोटात उरलेला द्रव पूर्ण उपाशी असलेल्यांपेक्षा कमी निघाला! २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणारी संस्था) असे २२ प्रयोग एकत्र तपासले. पाण्याची बंदी लवकर उठवल्याने धोका वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही.

मधुमेह: युरोपीय सूचनांनुसार मधुमेह, स्थूलपणा किंवा अ‍ॅसिडिटी असलेल्यांनाही हेच तास चालतात. पण जुन्या मधुमेहाने जठर मंदावलेलं असेल, जेवल्यावर बराच वेळ पोट भरलेलं वाटत असेल, तर भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पाणी देऊ नका. आता वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याला एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही आलीत. त्यांनीही पोट सावकाश रिकामं होतं. २०२३ मध्ये सल्ला होता की आठवडाभर आधी बंद करा. २०२४ मध्ये तो सैल झाला: बहुतेकांनी चालू ठेवावं, धोका जास्त असेल त्यांनी आदला दिवस फक्त पातळ आहार घ्यावा. तुमच्या तक्त्यात ‘हे इंजेक्शन चालू आहे का’ असा एक रकाना ठेवाच.

इमर्जन्सी केस या ऑडिटमध्ये घेऊ नका. दुखणं, धक्का, मॉर्फिनसारखी औषधं यांनी पोट थांबूनच जातं, तिथे तासांचा हिशोब लागू पडत नाही.

लिस्टमास्तर

मी सर्जन. एक बाजू कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. ओटीची (ऑपरेशन थिएटरची) लिस्ट कागदावर असते तशी चालत नाही. दुसरी केस रद्द होते आणि पाचवा पेशंट एकदम दुसरा होतो. त्याने नुकतंच पाणी प्यायलं असेल तर टेबल रिकामं पडतं. रात्री बाराचा नियम ढोबळ आहे हे मान्य, पण त्यात कोणाचा गोंधळ होत नाही.

गुंगी

सर, त्या पाण्यासाठी फार तर दोन तास थांबावं लागेल, तेही बहुधा लागत नाहीत. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत आता ओटीतून बोलावणं येईपर्यंत थोडंथोडं पाणी प्यायला देतात. तिथेही लिस्ट पुढेमागे होतेच की! आणि ‘गोंधळ होत नाही’ म्हणजे आपला होत नाही. पेशंट चौदा-पंधरा तास कोरडा राहतो त्याचं काय?

मोजमाप

मी संख्याशास्त्रवाला, वैद्यकातलं मला विचारू नका. मोजायचं कसं तेवढं सांगतो.

प्रत्येक पेशंटमागे तीन वेळा टिपा: शेवटचा घास कधी, शेवटचा घोट कधी आणि भूल प्रत्यक्षात कधी सुरू झाली. तिसरी वेळ भूलतज्ज्ञाच्या नोंदीतून घ्या, लिस्टवरून नाही, कारण लिस्टवरची वेळ नुसती ठरवलेली असते. पहिल्या दोन वेळा पेशंटलाच विचारा. केसपेपरवरची ‘१२ नंतर एनपीओ’ ही ऑर्डर आहे, प्रत्यक्षातली वेळ नव्हे. पुष्कळ पेशंट संध्याकाळी सातला जेवून घेतात आणि त्यानंतर काहीच घेत नाहीत.

सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. दोघंतिघं वीस तास उपाशी राहिले तर सरासरी वर ओढली जाते. घन आणि द्रव वेगळे ठेवा. लिस्टमधला क्रमांकही लिहा. पहिल्या केसचा आणि शेवटच्या केसचा मध्यक शेजारी-शेजारी ठेवलात की सर्जनसाहेबांनाही वेगळं समजवावं लागणार नाही.

आता महत्त्वाचं. ‘आम्ही पाणी दिलं आणि कोणालाच त्रास झाला नाही, म्हणजे हे सुरक्षित आहे’ असं तुमच्या आकड्यांवरून लिहू नका. अमेरिकेत १९९३ साली वॉर्नर आणि सहकाऱ्यांनी दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या. पोटातलं फुफ्फुसात जाण्याचा प्रकार साधारण ३,२१६ भुलींमागे एकदा घडलेला दिसला. शंभर पेशंटमध्ये तो दिसणारच नाही, पाणी द्या किंवा देऊ नका. यासाठी ‘तीनाचा नियम’ आहे: इतक्या जणांत एकही घटना झाली नाही, तर ३ भागिले पेशंटची संख्या ही शक्यतेची वरची मर्यादा समजायची. म्हणजे १०० जणांत शून्य घटना असल्या, तरी खरा धोका ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो एवढंच म्हणता येतं. सुरक्षिततेसाठी मोठ्या आढाव्यांकडे बोट दाखवा. तुमचं ऑडिट एवढंच सांगेल की नियम आणि व्यवहार यांत किती तासांची तफावत आहे.

किती पेशंट? तफावत मोठी असेल तर ओळीने ३०-४० जण पुरतात. पण ओळीने घ्या. निवडून घेतलेत, तर मनात असलेलंच कागदावर येईल.

साखरपाणी

मी डायटिशियन. पाण्याच्या ऐवजी साखरेचं खास पेय द्यावं का, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहिते. संशोधनात १२.५ टक्के माल्टोडेक्स्ट्रिनचं (पिष्टापासून केलेल्या कर्बोदकाच्या पावडरचं) ४०० मिली पेय ऑपरेशनच्या २ तास आधी देतात, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम कर्बोदकं. कल्पना अशी की शरीर उपाशी अवस्थेत ऑपरेशनला सामोरं गेलं की इन्सुलिनला दाद देईनासं होतं, ते थोडं टळावं. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात २७ प्रयोगांतले १,९७६ जण होते. दवाखान्यातला मुक्काम सरासरी ०.३ दिवसाने कमी झाला, गुंतागुंतीत मात्र फरक दिसला नाही. त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत कोणाला काय दिलंय हे लपवलेलं नव्हतं, त्यामुळे तो पाव-अर्धा दिवस कितपत खरा, अशी शंका आढावा लिहिणाऱ्यांनीच घेतली आहे.

माझं मत: तुमच्या वॉर्डात अजून पाणीच पोचत नाही, तर पावडरचे डबे मागवायच्या भानगडीत पडू नका. मधुमेह्यांना तर ते परस्पर देऊच नका.

नाईट_ड्यूटी

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. मोजमाप, तीनाचा नियम इन्चार्ज सिस्टरांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, हे आधी लिहून ठेव.

आणखी दोन शंका. एथिक्सचं कोणीच बोललं नाही. आणि आम्ही विचारपूस सुरू केली की स्टाफ आपोआप जागरूक होणार आणि आकडे सुधारलेले दिसणार, त्याचं काय?

मोजमाप

ठरलेल्या नियमाशी सध्याच्या कामाची तुलना करणं हे ऑडिट, त्याला बऱ्याच ठिकाणी पूर्ण मंजुरी लागत नाही. पण ‘लागत नाही’ हे तुम्ही ठरवायचं नाही, कमिटीने लेखी द्यायचं. एका पानाचा अर्ज करा. पुढे कुठे छापायचं मनात असेल तर ते पत्र नसल्याने अडतं. पेशंटची नावं तक्त्यात नकोत, नुसते अनुक्रमांक टाका.

जागरूकतेबद्दल: होईल तसं. म्हणून शक्य असेल तर सुरुवातीच्या नोंदी, बदलाची चर्चा वॉर्डभर व्हायच्या आधी घ्या. बदल झाल्यावर एकदाच मोजून थांबू नका, काही महिन्यांनी पुन्हा मोजा. उत्साह ओसरल्यावर जो आकडा येईल तोच धरायचा.

लिस्टमास्तर

सिस्टर, एक करा. मोजायच्या आधी मला, म्हणजे तुमच्या सर्जनला, विश्वासात घ्या. आकडे थेट मीटिंगमध्ये तोंडावर आले की माणूस बचावालाच लागतो. आणि तक्त्यात आणखी एक रकाना घाला: ‘पाणी प्यायल्यामुळे केस पुढे ढकलली का’. माझा आक्षेप खरा असेल तर त्यात दिसेल. नसेल तर मी गप्प बसतो.

नाईट_ड्यूटी

घातला सर. आणि ऑर्डरचा मजकूर बदलायचा झाला तर ‘१२ नंतर एनपीओ’ च्या जागी काय लिहू?

गुंगी

दोन ओळी: ‘घन आहार रात्री १२ पर्यंत. साधं पाणी सकाळी ६ पर्यंत, त्यापुढे ओटीला विचारून.’ दुपारच्या केसेससाठी सकाळी दहाला ओटीत फोन करायचा. तो कोणी करायचा हे ऑर्डरवरच लिहा, ‘वॉर्ड स्टाफ’ असं मोघम नको. त्या दिवशीच्या सकाळपाळीच्या सिस्टरचं नाव घाला.