खिडकी बंद करताना थ्रेड सुरक्षितपणे कसे संपवावेत?

प्रश्न

नमस्कार. सी++ भाषा आणि ओपनजीएल ही ग्राफिक्सची प्रणाली वापरून मी डोंगराळ भूभागाचे त्रिमितीय चित्र दाखवणारा प्रोग्राम लिहीत आहे. मुख्य थ्रेडवर (थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारे काम) जीएलएफडब्ल्यू या खिडक्या हाताळणाऱ्या लायब्ररीची खिडकी आहे, दुसरा थ्रेड चित्र काढतो आणि तिसरा उंचीच्या फाइल डिस्कवरून वाचून रांगेत टाकतो. प्रोग्राम चालू असेपर्यंत कसलीच तक्रार नसते. खिडकी बंद केली की मात्र टर्मिनलवर ‘टर्मिनेट कॉल्ड विदाउट ॲन ॲक्टिव्ह एक्सेप्शन’ एवढीच ओळ उमटते आणि प्रोग्राम कोसळतो. दोन्ही थ्रेड डिटॅच केल्यावर, म्हणजे स्वतंत्र सोडून दिल्यावर, ती ओळ गेली, पण आता अधूनमधून सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लावल्याची चूक) येतो आणि डीबगरमध्ये, म्हणजे दोष शोधण्याच्या साधनात, तो दिसतच नाही. थ्रेड कोणी आणि कोणत्या क्रमाने संपवावेत?

उत्तर १

जॉइन (म्हणजे थ्रेड संपेपर्यंत त्याची वाट पाहणे) किंवा डिटॅच न केलेला स्टँडर्ड लायब्ररीचा थ्रेड नष्ट होऊ लागला, की त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजे नष्ट होताना चालणारे फंक्शन, प्रोग्रामच बंद पाडतो; सी++च्या २०११ च्या मानकापासून हा नियम आहे. डिटॅच करून आपण फक्त ही तक्रार गप्प केलीत. मेन फंक्शन संपल्यावर स्टॅटिक ऑब्जेक्ट नष्ट होत असतात आणि त्याच वेळी आपला वाचणारा थ्रेड नष्ट झालेल्या रांगेत नवी फाइल टाकू पाहतो. डीबगरमध्ये वेळेचे गणित बदलते, म्हणून दोष लपतो.

डिटॅच काढून टाका आणि थांबण्याचा ध्वज, म्हणजे ‘आता थांबा’ असे सांगणारे व्हेरिएबल, ठेवा. ध्वज ॲटॉमिक (अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरला तरी सुरक्षित) केला म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. रांग रिकामी असल्याने कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे सूचनेची वाट पाहत, झोपलेल्या थ्रेडला कोणी उठवले नाही, तर तो ध्वज पाहणारच नाही. आणि म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारे कुलूप) न घेता ध्वज बदलला, तर थ्रेडने अट तपासल्यानंतर व झोपण्यापूर्वीच्या फटीत सूचना निसटते आणि जॉइन कायमचा अडकून राहतो. म्हणून म्युटेक्स घेऊन ध्वज बदला, म्युटेक्स सोडा, सर्वांना जागे करा आणि मगच जॉइन करा.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ग्राफिक्सची बाजू त्यात राहिली. ओपनजीएलचा एक कॉन्टेक्स्ट, म्हणजे चित्र काढण्याची सर्व स्थिती, एका वेळी एकाच थ्रेडवर चालू असू शकतो. त्यामुळे चित्र काढणाऱ्या थ्रेडने लूपमधून बाहेर पडल्यावर आपली टेक्स्चर, बफर आणि शेडर ही चित्र काढण्याची साधने स्वतःच मोडावीत, कॉन्टेक्स्ट सोडावा आणि मग संपावे. मुख्य थ्रेडने जॉइन झाल्यावरच खिडकी नष्ट करावी. खिडकीचा कॉन्टेक्स्ट दुसऱ्या थ्रेडवर चालू असताना ती नष्ट करू नये, असे जीएलएफडब्ल्यूच्या दस्तऐवजातच म्हटले आहे.

शेअर्ड पॉइंटरमध्ये (शेवटचा धारक गेला की वस्तू आपोआप मोडणाऱ्या पॉइंटरमध्ये) टेक्स्चर ठेवत असाल तर विशेष जपा. माझ्या एका प्रोग्राममध्ये शेवटचा पॉइंटर फाइल वाचणाऱ्या थ्रेडकडे राहिला होता, आणि जिथे कॉन्टेक्स्टच नव्हता तिथे टेक्स्चर मोडण्याचा कॉल गेला. ते सापडायला मला फार वेळ लागला.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. कोसळणे पूर्ण थांबले. तरीही विंडोजवर कधीकधी खिडकी बंद होताना गोठते. चित्र काढणारा थ्रेड दर सेकंदाला खिडकीच्या शीर्षकात फ्रेमची संख्या लिहितो. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर ३

संबंध निश्चित आहे. विंडोजवर दुसऱ्या थ्रेडवरून शीर्षक बदलले, की खिडकीच्या मालक थ्रेडला संदेश जातो आणि तो हाताळला जाईपर्यंत कॉल परतत नाही. आपला मुख्य थ्रेड तेव्हा जॉइनमध्ये थांबलेला असतो, म्हणजे दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. जीएलएफडब्ल्यूमध्ये शीर्षक बदलण्याचे फंक्शन मुख्य थ्रेडवरूनच बोलावायचे असते. फ्रेमची संख्या ॲटॉमिक व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि शीर्षक मुख्य थ्रेडला लिहू द्या.

कंपायलर सी++२० चा असेल तर जेथ्रेड हा थ्रेडचा नवा प्रकार वापरा. त्याचा डिस्ट्रक्टर थांबण्याची विनंती करून स्वतःच जॉइन करतो. मात्र क्लासचे सदस्य घोषणेच्या उलट क्रमाने नष्ट होतात, म्हणून रांग, म्युटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल आधी लिहा, थ्रेड सर्वांत शेवटी.