कलम बांधण्यासाठी घडीचा चाकू: अडीचशे रुपयांचा की आठ हजारांचा?

कातळवाडी:

नमस्कार. कुडाळ तालुक्यात आमची लहानशी रोपवाटिका आहे. गेल्या पावसाळ्यात घरच्या माणसांनीच मिळून काजूची सुमारे 1,800 कलमे बांधली आणि त्यांपैकी जेमतेम 1,100 जगली. काड्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 च्या चांगल्या झाडांवरून घेतल्या होत्या, काडी तोडण्यापूर्वी आठ दिवस पानेही छाटली होती, तरीही मर एवढी झाल्यामुळे आता माझा संशय चाकूवर आहे. तो तालुक्याच्या बाजारातून अडीचशे रुपयांना घेतलेला घडीचा चाकू आहे.

माझा मामेभाऊ श्टुटगार्टला असतो आणि मे महिन्यात गावी येणार आहे. तिथून जवळच असलेल्या रॉयटलिंगेन शहरात 1854 पासून चालत आलेल्या टीना या कारखान्याचे कलमाचे चाकू प्रसिद्ध आहेत, असे तो म्हणतो. एका चाकूचा भाव त्याने रुपयांत आठ हजारांच्या आसपास सांगितला. एवढ्या पैशांत माझ्या शेडनेटचा एक भाग बदलून होईल. म्हणून ज्यांनी दोन्ही प्रकारचे चाकू प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांना विचारतो, की एवढा फरक कलमात खरोखर दिसतो का?

कोयकलम:

मी 26 वर्षे कलमे बांधतो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

चाकूचा विचार करण्याआधी कापाचा विचार करा. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी घ्या आणि तिच्या टोकाला चार-पाच सेंटिमीटरचा तिरका काप एकाच ओढीत घ्या. मग तो काप पोलादी पट्टीच्या काठावर टेकवून दोन्ही उजेडाकडे धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर काप सपाट नाही, मग चाकू कितीही रुपयांचा असो. काडीची पाचर (दोन्ही बाजूंनी तिरके कापलेले टोक) खुंटाच्या, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतो त्याच्या, चिरेत बसवल्यावर दोघांच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना सलग टेकला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर तिथे पाणी धरते, बुरशी येते आणि आठ-दहा दिवसांत काडी काळी पडते. कलम बांधायची पट्टी कितीही घट्ट ओढली तरी ती पोकळी भरून निघत नाही.

आता हा काप सपाट का येत नाही, ते पाहा. भाजी चिरण्याच्या सुरीला दोन्ही बाजूंनी धार काढलेली असते आणि तशी सुरी लाकडात शिरली की पाते बाहेरच्या बाजूला ढकलले जाते. कलमाच्या चाकूची धार सुताराच्या पटाशीसारखी एकाच बाजूने काढलेली असावी लागते. सपाट बाजू हातात राहणाऱ्या काडीला घासत जाते आणि उतरती बाजू उडणाऱ्या ढलपीकडे राहते. जर्मन चाकूचे पैसे मुख्यतः या सपाटीचे आहेत, कारण तो डबीतून काढल्या काढल्या असा काप देतो. आपल्याकडचा अडीचशे रुपयांचा चाकू तसा देत नाही. माझ्या चाकूच्या पात्यावर नवा असताना ग्राइंडरच्या रेघा बोटाला लागत होत्या. मी दोन संध्याकाळ खर्च करून त्याची एक बाजू 400 आणि नंतर 1000 नंबरच्या दगडावर पूर्ण आडवी टेकवून, आरशासारखी होईपर्यंत घासली. तो चाकू आज अकराव्या वर्षी पाते अर्धे झिजलेले असूनही रोज खिशात असतो.

मात्र स्वस्त चाकूची एक उणीव दगडाने भरून निघत नाही. दर 40-50 काड्यांनंतर मला चामड्याच्या पट्ट्यावर धार ओढावी लागते. मी एक हंगाम जिथे कामाला होतो तिथे मालकाचा जर्मन चाकू वापरला होता, तो मध्ये न थांबता 300 काड्या कापत असे.

भट्टी:

मी पिंपरी-चिंचवडमध्ये पोलादाला पाणी देण्याच्या, म्हणजेच हीट ट्रीटमेंटच्या, कामात आहे. कलमातले मला कळत नाही, पण शेवटी जो 50 आणि 300 चा फरक सांगितला आहे तो माझ्या विषयातला आहे.

पोलादाची कठीणता रॉकवेल मापाने मोजतात. घडीच्या चाकूचे पाते साधारण 52-53 वर राहिले तर धार तुटत नाही, पण वाकते आणि पट्ट्यावर पुन्हा सरळ करावी लागते. 58 ते 60 वर धार बराच काळ टिकते, पण तोच चाकू डबा उघडायला वापरला तर कड झडते. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस कंपनी 1884 पासून चाकू बनवत आली आहे, तरीही ती पाते 56 च्या आसपासच ठेवते, कारण तो चाकू कोणालाही घरच्या साध्या दगडावर लावता यावा लागतो. म्हणजे जास्त कठीण तेवढे चांगले असे सरळ गणित नाही. महागड्या चाकूत तुम्हाला खात्री विकत मिळते, प्रत्येक पात्याला सारखे पाणी दिलेले असते. स्वस्त मालात एकाच खोक्यातले दोन चाकू वेगळे निघतात.

म्हणून माझी सूचना अशी, की एक महाग चाकू घेण्याआधी तीन-चार स्वस्त चाकू घ्या आणि प्रत्येकाच्या पात्यावर मुठीजवळ, जिथे काप घेत नाहीत तिथे, बारीक कानस हलकेच ओढा. जिथे कानस लगेच धरते ते पाते मऊ आहे आणि जिथे ती काचेवरून जावी तशी घसरते ते ठेवा. आणि कृपा करून धार लावण्यासाठी चाकू सायकलवरच्या चाकवाल्याकडे देऊ नका. कोरड्या चाकावर कड क्षणात निळसर होते, तिथले पाणी उतरते आणि तेवढा भाग झिजून जाईपर्यंत त्या पात्याला धार धरत नाही.

आणखी एक. बाजारात दहा, वीस, चाळीस हजारांचे खिशातले चाकूही आहेत. त्यांत टायटॅनियमची मूठ, पावडरपासून घडवलेले पोलाद आणि एका अंगठ्याने उघडण्याची सोय असते. ते पोलाद घरच्या साध्या दगडाला दाद देत नाही, त्याला हिऱ्याची प्लेट लागते. तुमच्या कामासाठी तिकडे पाहण्याचीही गरज नाही.

सड्यावरून:

मी बागेतल्या इतर कामांसाठी फ्रान्सचा ओपिनेल वापरतो, जो किमतीने या दोघांच्या मधला आहे. त्याचे कार्बन पोलादाचे पाते सुरेख धार घेते, पण कोकणातल्या पावसाचे दोन अनुभव सांगणे आवश्यक वाटते. त्याची लाकडी मूठ जुलैत इतकी फुगते, की पाते नखाने उघडत नाही आणि मुठीचा मागचा भाग टेबलावर ठोकून ते बाहेर काढावे लागते. आणि आंब्या-काजूचा चीक तसाच राहिला तर पाते रात्रीत काळे पडून सकाळी त्यावर गंज दिसतो. मी संध्याकाळी पाते पुसून त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवतो.

त्याच्या मुठीवर 1955 पासून पाते अडकवणारी फिरती कडी असते, हे मात्र मी फार मोलाचे मानतो. पूर्वी माझ्याकडे एक स्वस्त घडीचा चाकू होता. त्याचा खिळा सैल झाला होता आणि मी ते चालवून घेतले. सुकलेली फांदी कापताना तो उलटा मिटला आणि तर्जनीला पाच टाके पडले. तुमच्या चाकूचे पाते उघडून आधी डावी-उजवीकडे हलवून पाहा. हलत असेल तर खिळा ठोकून घट्ट करून घ्या, आणि तरीही हलत असेल तर तो चाकू वापरू नका.

कातळवाडी:

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी पट्टी लावून पाहिली आणि उजेडाची रेघ स्पष्ट दिसली. चाकूला दोन्ही बाजूंनी धार आहे, हे मी इतकी वर्षे पाहिलेच नव्हते. एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडे सर्व काड्या माझी पत्नी कापते आणि मी बांधतो, आणि ती डावखुरी आहे. याने काही फरक पडतो का?

कोयकलम:

फार फरक पडतो आणि बरे झाले आत्ताच सांगितलेत. एका बाजूने धार असलेला चाकू उजव्या किंवा डाव्या हाताचा असतो. उजव्या हाताचा चाकू वहिनींच्या हातात दिला तर उतरती बाजू काडीकडे येईल आणि आहे त्याहूनही वाईट काप पडेल. टीनाचे डाव्या हाताचे चाकू मिळतात, पण ते मामेभावाला मुद्दाम सांगून मागवावे लागतील आणि विमानात त्यांनी तो हातातल्या सामानात ठेवू नये. स्वस्त चाकूचा येथे उलट फायदा आहे, कारण कोणती बाजू सपाट करायची ते आपल्याच हातात असते. वहिनींना स्वतःलाच घासू द्या, म्हणजे कोन त्यांच्या मनगटाला जुळेल.

कातळवाडी:

दहा दिवसांनी लिहितो आहे. चार चाकू आणले. कानस तिघांना धरली आणि चौथ्यावर घसरली. तो चौथा पत्नीने तीन संध्याकाळी घासला. आज तिने घेतलेला काजूच्या काडीचा काप पट्टीला लावला तेव्हा उजेड दिसला नाही आणि पाचर खुंटात बसवल्यावर सांधा नखाला लागला नाही. चामड्याच्या पट्ट्यावर एकदा धार ओढून तिच्या 70 काड्या झाल्या.

जर्मन चाकू यंदा मागवत नाही. तिचे म्हणणे आहे, की या हंगामात पट्ट्यासाठी किती वेळा थांबावे लागते ते ती वहीत लिहील आणि मगच डाव्या हाताचा चाकू मागवायचा की नाही ते ठरवू. मामेभावाला आत्ता फक्त एका बारीक दगडासाठी निरोप दिला आहे.