उत्तर: जुना फ्लॅट की तयार घर?

जुना फ्लॅट घेऊन दुरुस्त करावा की राहायला तयार घर घ्यावं, असं विचारलं की ‘जुना घ्या, रंग आणि फरशी बदलली की झालं’ असा सल्ला मिळतो, पण तो अर्धाच आहे. खर्च दिसतो त्यात नसतो, भिंतीच्या आत असतो.

आधी छत बघा. सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा सरळ भेगा असतील, तर आतली सळई गंजली आहे. गंज फुगतो आणि काँक्रीट सुटतं, प्लास्टर करून ते थांबत नाही. काँक्रीटवर ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर तिथला थर सुटलाय. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागा. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा, त्यापुढे ३ वर्षांतून एकदा. रिपोर्टच नसेल तर भाव पाडायला तेवढं पुरे!

बाथरूमची फरशी फोडली की खालचा विटांचा कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) हलतो, म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्याने करावंच लागतं. टाइल्स बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्यांच्या घरात जाऊन छत बघा. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून पाण्याचं प्रेशर कमी करतात, ते त्याच वेळी बदलून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) करा. वायरिंगची तार दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिमी, अर्थिंग वेगळं, शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच).

अंदाजपत्रकावर २० टक्के जास्त धरा आणि कामाच्या काळातलं भाडंही. एवढं धरूनही जुना स्वस्त पडला, तरच घ्या. तयार घरातही गुळगुळीत पुट्टीमागे ओल लपवलेली असू शकते, म्हणून पावसाळ्यात बघायला जा.