मे अखेरचे लडाख : ‘सरासरीपेक्षा जास्त पाऊस’ या अंदाजाचा अर्थ कसा घ्यावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नाशिकचे पाच जण १८ ते २९ मे या काळात लडाखला जाण्याचे ठरवत आहोत. मुंबईहून श्रीनगरपर्यंत विमानाने, तेथून द्रास-कारगिलमार्गे भाड्याच्या गाडीने लेह, लेहला मुक्काम ठेवून नुब्रा आणि पँगाँग, आणि परतताना मनालीचा रस्ता, असा बेत आहे. बरोबर माझे आईवडील आहेत. वडील ६८ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे.

अडचण अशी की, उन्हाळ्याच्या सुरुवातीचा जो हंगामी अंदाज माझ्या वाचनात आला, त्याच्या नकाशात लडाखवर पाऊस सरासरीपेक्षा जास्त आणि तापमानही सरासरीपेक्षा जास्त असे दोन्ही रंग एकत्र आहेत. आपल्याकडे मे महिन्यात उकाडा वाढला की वळीव येतो, इतके मला समजते. पण लडाख तर कोरडा प्रदेश. तेथे ‘जास्त पाऊस’ म्हणजे आमच्या सहलीचा विचका होण्याइतका पाऊस समजावा काय? आणि तापमान जास्त राहणार असेल तर गरम कपड्यांचे ओझे कमी करता येईल काय? मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होत असल्याने तारखा फार तर आठ-दहा दिवसच पुढे सरकवता येतील. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मिलिमीटर

आपण पाहिलेल्या नकाशातील रंग टक्केवारीचे किंवा शक्यतेचे असतात, पावसाच्या प्रमाणाचे नसतात, आणि कोरड्या प्रदेशात या दोहोंतील अंतर फार मोठे असते. लेहचा वर्षभराचा पाऊस, हिमवृष्टीचे पाणी धरूनही, सुमारे १०० मिलिमीटर आहे. मे आणि जून या दोन्ही महिन्यांची सरासरी प्रत्येकी दहा मिलिमीटरांच्या आतच राहते. समजा सरासरी आठ मिलिमीटर धरली आणि त्या महिन्यात बारा मिलिमीटर पाऊस झाला, तर अहवालात ‘सरासरीपेक्षा पन्नास टक्के अधिक’ अशी नोंद होईल. प्रत्यक्षात मात्र एवढे पाणी नाशिकला जूनच्या एका संध्याकाळी अर्ध्या तासात पडून जाते.

दुसरे असे की, हवामान विभागाचा हंगामी अंदाज तीन गटांत मांडलेला असतो : सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि सरासरीपेक्षा जास्त. काहीच संकेत नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता ३३ टक्के धरली जाते आणि नकाशावर तो भाग पांढरा सोडला जातो. ‘जास्त पावसाची शक्यता ५० टक्के’ असा रंग दिसला, तरी तसे न होण्याची शक्यताही तितकीच उरते. तेव्हा त्या रंगावरून अमुक तारखेला काय होईल हे कोणालाही सांगता येणार नाही.

वळवाची तुलना मात्र येथे लागू पडत नाही. वळीव हा तापलेल्या जमिनीचा आणि समुद्रावरून आलेल्या बाष्पाचा खेळ आहे. लडाखपर्यंत ते बाष्प पोहोचता पोहोचता हिमालयाच्या दक्षिण उतारावर रिकामे होते. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुका पाचशेच्या आसपास राहतो, तोच पर्जन्यछायेचा प्रकार तेथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडतो. मे महिन्यात लडाखला जे काही पडते ते मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तान ओलांडत येणारे हे विक्षोभ हिवाळ्यात जोरात असतात आणि वरच्या थरातील वेगवान वारे उत्तरेकडे सरकू लागले की जूनमध्ये विरळ होतात. मे अखेर हा या दोन स्थितींमधला काळ आहे. एखादा विक्षोभ आला तर दोन दिवस ढग, लेहमध्ये भुरभुर आणि खिंडींवर हिमवृष्टी. नाही आला तर पंधरा दिवस निरभ्र आकाश.

आपल्याला जपायचे आहे ते खिंडीतील हिमवृष्टीला. एक सेंटिमीटर पाण्यापासून ढोबळमानाने दहा सेंटिमीटर बर्फ होतो. लेहच्या पर्जन्यमापकात जी किरकोळ भुरभुर म्हणून नोंदली जाते, तीच मनालीच्या रस्त्यावरील बारालाचा खिंडीत गाड्या अडकवून ठेवू शकते. विक्षोभ पश्चिमेकडून येत असल्याने त्याची चाहूल चार-पाच दिवस आधी लागते. हंगामी नकाशा बाजूला ठेवून, निघण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज आणि प्रवासात लेहच्या हवामान केंद्राचा रोजचा अंदाज पाहावा, असे मी सुचवीन.

निवृत्त अभियंता

वरील विवेचन योग्य आहे. मी कामानिमित्त लेहला चार उन्हाळे काढले आहेत, त्या अनुभवावरून कपडे आणि रस्ता यांविषयी लिहितो.

गरम कपडे कमी करण्याचा विचार कृपया करू नये. मे महिन्याच्या उत्तरार्धात लेहमध्ये दुपारी पंधरा ते वीस अंश आणि पहाटे शून्यापासून पाच-सहा अंशांपर्यंत तापमान असते. सरासरीत दोन अंशांची वाढ झाली तरी या चढउतारात ती कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या निवासाबाहेर रात्री भरून ठेवलेल्या बादलीवर पहाटे काचेसारखा पापुद्रा धरलेला असे, आणि त्याच अंगणात दुपारी एक वाजता स्वेटर काढून बसावे लागे. सूर्यप्रकाशात असलेल्या गालाला चटका आणि सावलीतल्या कानाला गारठा, असे दोन्ही एकाच वेळी जाणवते. जाड एक कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता-काढता येतील असे तीन-चार थर न्यावेत.

उंचीचा हिशेबही करून पाहावा. दर हजार मीटरला साडेसहा अंश घट धरली, तर लेहच्या साडेतीन हजार मीटरांवरून ५,३२८ मीटरांच्या तांगलांग ला खिंडीत पोहोचेपर्यंत तापमान सुमारे बारा अंशांनी उतरते. लेहला दुपारी सतरा अंश असतील तेव्हा तेथे पाच असतील, आणि वारा वेगळाच.

वाऱ्याचा उल्लेख हंगामी अंदाजात नसतो, पण मे-जूनमध्ये खरा त्रास त्याचाच होतो. सकाळी दहापर्यंत सफेद्याचे पानही हलत नाही. बाराच्या पुढे दरी तापली की वारा सुटतो, दोन-तीन वाजता सिंधूकाठची वाळू उठते आणि समोरचा स्टोकचा डोंगर पिवळसर होऊन दिसेनासा होतो; सूर्य कलला की सारे शांत. लेहची विमाने सकाळच्या वेळीच का असतात, याचे एक कारण हेही आहे.

आता मनालीचा रस्ता. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगचा अडसर गेला, त्यामुळे ‘आता हा रस्ता सोपा झाला’ असा समज पसरला आहे. बोगद्याच्या पलीकडे बारालाचा ला, नकी ला, लाचुंग ला आणि तांगलांग ला या चारही खिंडी आहेत तशाच आहेत, आणि त्यांतील शेवटच्या दोन पाच हजार मीटरांच्या वर आहेत. रस्ता खुला झाल्याचे जाहीर होणे आणि तो प्रवासी गाडीला सुखाचा असणे यांत काही आठवड्यांचे अंतर पडते. त्या दिवसांत दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधे वितळलेल्या पाण्याचा चिखल असतो; पहाटे तोच चिखल गोठून काचेसारखा निसरडा होतो.

एक दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. याच रस्त्यावरील झिंगझिंगबारचा नाला सकाळी आठ वाजता आम्ही ओलांडला तेव्हा पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतही नव्हते. त्याच दिवशी काही कामासाठी उलट यावे लागले, तेव्हा चार वाजून गेले होते. पाणी राखाडी झाले होते आणि त्याच्या तळाशी धोंडे एकमेकांवर आपटत गडगडत असल्याचा आवाज गाडीच्या काचा बंद असतानाही ऐकू येत होता. चालकाने इंजिन बंद केले आणि ‘आता पहाटे’ एवढेच म्हणाला. आकाशात दिवसभर ढगाचा ठिपकाही नव्हता.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. शेवटच्या प्रसंगाने विचारात पडलो. म्हणजे तापमान सरासरीपेक्षा जास्त असणे प्रवाशाच्या सोयीचे नाही, असे समजावे काय? माझा समज नेमका उलट होता.

बांधावरून

याचे उत्तर एकट्या तापमानावरून देता येत नाही. मागच्या हिवाळ्यात बर्फ किती पडला हे त्याच्याशी जोडून पाहावे लागते. बर्फ भरपूर आणि उन्हाळा लवकर तापला, तर ओढे-नाले मे अखेरीसच फुगतात. बर्फ कमी आणि उन्हाळा तापलेला, तर थोडा साठा लवकर वाहून जातो आणि पेरणीच्या वेळी पाट कोरडे पडतात. प्रवाशाला दुसरी स्थिती सोयीची, गावाला तीच घातक.

मी शाम भागातील एका गावी, लेहच्या पश्चिमेला, एका शेतकरी कुटुंबाकडे तीन आठवडे राहिलो आहे. घरातील आजोबा हवामानाच्या अंदाजाविषयी विचारले की दाराबाहेर येऊन समोरच्या डोंगराच्या खांद्याकडे बोट दाखवीत. तेथील हिमरेषा त्या दिवसांत कुठपर्यंत उतरलेली आहे, यावर जवाला पाणी किती पाळ्या मिळेल हे ते सांगत. पाऊस पडेल की नाही हा प्रश्नच त्यांच्या हिशेबात नव्हता, कारण तेथील शेती पावसावर नाहीच. ती बर्फाच्या पाण्यावर आहे. प्रत्येक गावात ‘चुरपोन’ असतो, तो ‘युरा’ म्हणजे पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून देतो. आमच्या माणकडच्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पाटकरी आणि पाळीवरून होणारी भांडणे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

अडचण एप्रिल-मे महिन्यांतच येते. शेताला पाणी हवे तेव्हा हिमनद्या अजून गोठलेल्या असतात, आणि त्या पाझरू लागतात तेव्हा जून उजाडलेला असतो. हीच फट भरून काढण्यासाठी चेवांग नोर्फेल यांनी गावाजवळ, कमी उंचीवर, हिवाळ्यातील वाया जाणारे पाणी अडवून गोठवण्याची कृत्रिम हिमनद्यांची पद्धत विकसित केली. पुढे सोनम वांगचुक यांच्या पुढाकाराने बर्फाचे स्तूप उभे राहिले. शंकूचा आकार दिल्याने तेवढ्याच बर्फाचा उन्हाला सामोरा येणारा पृष्ठभाग कमी होतो आणि तो उशिरापर्यंत टिकतो. ‘मिलिमीटर’ यांनी दहा मिलिमीटरांना किरकोळ म्हटले आहे, ते प्रवाशाच्या दृष्टीने ठीक. पण मातीच्या सपाट छपरांच्या त्या गावांत दहा मिलिमीटर सलग पावसाने घरे गळतात, हेही मी पाहिले आहे.

मिलिमीटर

मान्य. छपरांचा मुद्दा माझ्या लिहिण्यातून निसटला. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहला ढगफुटीने झालेला प्रलयही तेथील उघड्या, झाडी नसलेल्या उतारांमुळे अधिक भीषण झाला होता. मात्र तो पावसाळ्यातील प्रसंग होता आणि मे अखेरच्या प्रवासाशी त्याची सांगड घालण्याचे कारण नाही.

उत्तरवारी

थोडक्यात मत देतो. श्रीनगरकडून जाण्याचा बेत बदलू नये. श्रीनगर, कारगिल, लेह अशी उंची टप्प्याटप्प्याने वाढते, ज्येष्ठांना ते मानवते. तरीही लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीच हवी, आणि वडिलांच्या गोळ्यांबाबत निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. परतीचा मनाली रस्ता मात्र या वयाच्या माणसांबरोबर मे महिन्यात मी निवडणार नाही. त्या रस्त्यावरील सर्चूला ४,२०० मीटरांच्या वर अडकून रात्र काढावी लागली तर उतरून जायला जवळ जागा नाही. लेहहून विमानानेच परतावे. अति उष्णतेमुळे विरळ हवा आणखी विरळ होऊन उड्डाणे रद्द झाल्याचा प्रकार २०२४ मध्ये घडला, पण तो जुलै अखेरीस. मे महिन्यात तशी वेळ येण्याची शक्यता कमी. ढग किंवा वाऱ्यामुळे विमान चुकू शकते, म्हणून शेवटी एक दिवस मोकळा ठेवावा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तारखा २२ मे ते २ जून अशा केल्या, मनाली वगळली, लेहहून विमानाची तिकिटे पाहत आहे, आणि एकाऐवजी दोन दिवस मोकळे ठेवले आहेत. पँगाँगला जाताना नाले सकाळीच ओलांडायचे, हेही चालकाला आधीच सांगून ठेवीन. एक शेवटची शंका आईच्या वतीने : पाऊस नाममात्रच असेल, तरी उन्हासाठी छत्री न्यावी काय?

निवृत्त अभियंता

छत्री नको. दुपारच्या वाऱ्यात ती पहिल्याच दिवशी उलटी होईल. हनुवटीखाली बांधता येईल अशी रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा न्यावा, आणि टोपीचा बंद आधी ओढून पाहावा.