प्रतिसाद: डस्की ग्राउस आणि पॉइंटर कुत्री

'ग्राउस (कोंबडीसारखा रानपक्षी) उडून शेजारच्याच झाडावर बसतो, मग पॉइंटर (वासाने पक्षी हेरून जागीच थिजणाऱ्या) कुत्र्याचा उपयोग काय?' हा वरचा प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या डस्की ग्राउसच्या शिकारीसाठी कुत्र्याशिवाय डोंगर चढण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. कोलोरॅडो, मोंटानात १ सप्टेंबरला हंगाम उघडतो, तेव्हा हे पक्षी धारेवरच्या गवतात नाकतोडे टिपत असतात. रंग इतका करडा की दहा पावलांवरूनही दिसत नाहीत.

सगळी मदार वाऱ्यावर. पहाटे गार हवा उतारावरून खाली येते, तेव्हा कुत्र्याला खालून वर न्या. ऊन तापलं की हवा वर चढते. मग धारेवरून चाला. पाणी भरपूर ठेवा, धापा टाकणाऱ्या कुत्र्याला वास नीट लागत नाही.

सेटर (पॉइंटरसारखंच काम करणारी कुत्र्याची जात) धावता धावता थिजतो, शेपटी ताठ, एक पाय अधांतरी, हलतात फक्त नाकपुड्या. त्या वेळी मागून सरळ जाऊ नका, उताराच्या अंगाने वळसा घ्या. पक्षी बहुधा खालीच झेपावतो. एक उडाला तरी थांबा, सप्टेंबरात पिल्लं अजून एकत्र असतात. फांदीवर बसलेल्यावर मात्र गोळी झाडू नये, हे माझं ठाम मत. आणि झुडपात पडलेला जखमी पक्षी कुत्र्याशिवाय सापडणं फार कठीण.