एजीजी २.४ अजून का ठेवलीय

दुसऱ्याच्या लायब्ररीची (तयार कोडची) प्रत प्रोजेक्टने स्वतःच्या सोर्समध्ये ठेवावी का, यावर वर बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, 'सिस्टिमवरची लायब्ररी वापरा, जुना कोड पोटात कशाला बाळगायचा'. हे लिनक्सपुरतं पटतं, तिथे एका कमांडमध्ये सगळं येतं, पण विंडोजवाल्याने लायब्ररी कुठनं आणायची? मॅटप्लॉटलिबचं (पायथनमध्ये आलेख काढायची लायब्ररी) उदाहरण वर कोणीच दिलं नाही म्हणून सांगतो, त्यांच्या सोर्समध्ये एजीजी २.४ ही चित्र रेखाटणारी लायब्ररी अजून तशीच आहे, आणि त्याचं कारण आळस नाही तर लायसन्स. २.५ जीपीएल झाली, म्हणजे ती जोडून वाटायची तर आपला कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो, बाकी कोडमध्ये म्हणावा असा फरक नव्हताच, आणि एजीजीचे मूळ लेखक मॅक्सिम शेमानारेव्ह २०१३ मध्ये गेले, मग वाट कोणाची बघणार! सिक्युरिटीचा मुद्दा मात्र मान्य, सोबतची प्रत कोणीतरी आठवणीने पॅच करायला लागते.

फ्रीटाइपची, म्हणजे फॉन्टमधली अक्षरं रेखाटणाऱ्या लायब्ररीची, गोष्ट वेगळी. मॅटप्लॉटलिबच्या टेस्टमध्ये नवं चित्र जुन्या चित्राशी ताडून बघतात, आणि आवृत्ती बदलली की अक्षरं जराशी वेगळी उमटतात, म्हणून कितीतरी वर्षं ते फ्रीटाइप २.६.१ धरून बसले होते. मला हे हिंजवडीतल्या आधीच्या नोकरीत कळलं, सिस्टिमवरची फ्रीटाइप जोडून बिल्ड केलं आणि टेस्ट धडाधड फेल, दोन दिवस मी आपला स्वतःचाच कोड तपासतोय, आणि फरक निघाला कुठे तर अक्षांवरच्या आकड्यांच्या कडांमध्ये.